एका कानाचा टाक

१

तीर्थ तोंडात गेलं आणि कुलदीपला वाटलं, हे आधी कोणाच्या तरी तोंडातून जाऊन आलेलं आहे.

सकाळचे सात वाजले होते. तो रोजच्यासारखा ओट्यावर उकिडवा बसून चहा निवायची वाट पाहत होता. आई पूजा आटोपून आली, पळीतलं तीर्थ तिने त्याच्या तळहातावर सोडलं आणि आत वळली. यात नवीन काहीच नव्हतं. देवांना दुधाने आंघोळ घालायची, ते दूधपाणी घरातल्या तिघांनी पळीपळी घ्यायचं आणि कामाला लागायचं. पण आज ते कोमट लागलं. जिभेवरून उतरताना त्याला तार सुटली. मागून जी चव आली ती दुधाची नव्हती, रात्रभर मिटून राहिलेल्या तोंडाची होती.

तीर्थ थुंकत नाहीत म्हणून त्याने ते गिळलं आणि वरून कढत चहा ओतला. जीभ पोळली. चव गेली नाही.

आत जाऊन त्याने आईला, अंबाबाईला, दूध कधीचं म्हणून विचारलं. ती म्हणाली, आत्ता तर गवळी टाकून गेला. त्याने पातेल्यात नाक घालून पाहिलं, दूध चांगलं होतं. मग पितळी ताटली कळकली असेल असं त्याने ठरवलं आणि ती पाहायला देव्हाऱ्याशी वाकला.

ताटलीत टाक पडले होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठशाने उठवलेली दोन बोटं उंचीची मूर्ती. घरातला कर्ता माणूस गेला की सोनाराकडून त्याचा टाक करून आणायचा आणि देवात बसवायचा, ही त्यांच्या घराची रीत. मूर्ती सगळ्यांची एकाच ठशातली. कमरेला तलवार, एक हात मांडीवर, तोंड समोर. तोंड तरी केवढं, ज्वारीच्या दाण्याएवढं. आजाचा टाक, बापाचा टाक आणि दीड महिन्यापूर्वी बसवलेला गुणवंताचा, तिन्ही सारखेच. कोणता कोणाचा हे आईलाच ठाऊक असायचं.

पण आज कुलदीपलाही ते सांगता आलं असतं. आजाला दोन कान होते, बापाला दोन कान होते. गुणवंताच्या टाकाला एकच कान होता. तो बाजूला पाहत होता.

अंगठ्याने घासून पाहिलं. अंगठ्याला लोण्यासारखं काहीतरी लागलं. त्याने ते चड्डीला पुसलं आणि मंडीत निघून गेला. तिथे दिवसभर संत्री निवडताना, सडलेल्या संत्र्यात बोट घुसलं की त्याला तोच अंगठा आठवत राहिला.

२

गुणवंता त्याचा मोठा भाऊ. जेसीबी चालवायचा. अंगाने काटकुळा, मान संत्र्याच्या फांदीएवढी, आणि कान असे बाहेर आलेले की शाळेपासून पोरं त्याला सुपड्या म्हणायची. लग्नात नवरीच्या, स्नेहाच्या, मैत्रिणींनी नवरदेवाचे कान मोजले होते आणि दोनच भरले म्हणून परत मोजले होते. तोही हसला होता. हसला की कान अजून मागे जायचे.

दिवाळी होऊन दहा दिवस झाले नव्हते तोच सौंसर रोडवर त्याची मोटरसायकल ट्रकखाली आली. दवाखान्यातून आणलं तेव्हा डोक्यापासून गळ्यापर्यंत पट्टी गुंडाळलेली होती. काका म्हणाला, उघडू नका, पाहण्यासारखं राहिलं नाही. कुलदीपने ऐकलं नाही. तो पट्टीला हात घालायला गेला तेव्हा तिघांनी त्याला धरून अंगणात बसवून ठेवलं. मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा कण ठेवायचा असतो, तोही कोणीतरी पट्टीच्या फटीतून कसाबसा सरकवला. भावाचा चेहरा त्याला शेवटचा दिसला नाही तो नाहीच.

दवाखान्याने एका पिशवीत पट्टा, चावी, तंबाखूची पुडी आणि एक चांदीचं नाणं दिलं. नाणं कुलदीपला ओळखीचं होतं. पावसाळ्याच्या आधी सौंसरजवळ शेततळं खोदताना ते गुणवंताला मातीत सापडलं होतं. एका बाजूला जाड मानेच्या कोणा माणसाचं तोंड होतं आणि त्या तोंडावर, कपाळापासून गालावरून मानेपर्यंत, छिन्नीने मारल्यासारखी खोल चीर होती. गुणवंता ते खिशात ठेवायचा. कोणी भेटलं की काढून दाखवायचा आणि म्हणायचा, माह्यापेक्षा कोणाचे तरी हाल वाईट आहेत.

टाक करायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, माह्या तोरडीतली चांदी घे. कुलदीप हट्टाला पेटला की दादाच्या खिशातल्या नाण्याचाच टाक होईल. तेही वितळवायचं नाही, कारण वितळवलं तर ते कोणतंही चांदीचं पाणी झालं, त्याला दादाचा हात लागलेला राहणार नाही. कवडू सोनाराच्या दुकानात तो असाच भांडला. कवडूजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि नाणं उलटंपालटं केलं.

"हे तं खंडित आहे बापू. खंडित चांदी देवात चालत नाही. मोडका देव कोणी पुजते काय? ठोकाच्या आधी हा घाव बुजवा लागते."

"बुजवा मंग."

"वरून चांदी लागन."

कुलदीपने वहिनीच्या डब्यातून आणलेली जोडवी काढून दिली. भाऊ गेला त्या दिवशी तिच्या पायातून उतरवलेली. तिला विचारलं नव्हतं. तिथेच बसून त्याने पाहिलं, जोडव्याचा तुकडा नळीच्या फुंकीखाली लाल झाला, डोळ्यासारखा थरथरला आणि सरसर त्या चिरेत उतरला. चीर भरली. कवडूजींनी बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाले, आता कसा माणूस पुरा झाला.

मग ते नाणं ठोकून पत्रा झालं, पत्रा ठशावर बसला, आणि कुलदीप रडत रडत टाक घेऊन घरी आला.

३

होळीच्या आधी आईने त्याच्याकडे पाहणं बंद केलं.

हे त्याच्या लवकर लक्षात आलं नाही, कारण आई बोलायची, वाढायची, रागवायची. फक्त वाढताना भिंतीकडे तोंड करून वाढायची. चुलीशी बसली तरी एकच गाल दिसायचा, डावा. एकदा तो मुद्दाम उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. थोड्या वेळाने पाहिलं तर तिथूनही तिचा डावा गालच दिसत होता. ती कधी वळली ते त्याला कळलं नाही.

"आई, इकडे पाह्य ना."

"तुह्याकडेच तं पाहून राहिली," ती भिंतीला म्हणाली.

मान आखडली असेल. चार महिने रडणाऱ्या बाईचं काय काय आखडत नाही. त्याने मलम आणून दिलं. लावताना त्याला तिच्या हनुवटीखाली घड्या लागल्या. अंबाबाई वाळकी बाई होती, तिच्या अंगात घडी पडायला मांस नव्हतं. त्याने हात काढून घेतला आणि मोरीत जाऊन दोनदा धुतला. मलमाचा वास गेला, खालचा राहिला. जुनं चामड्याचं पाकीट ओलं झाल्यावर येतो तसा वास.

तिथून त्याचं लक्ष गुणवंताच्या फोटोकडे गेलं. बैठकीत लग्नातला फोटो मोठा करून लावला होता आणि त्याला चंदनाचा हार होता. फोटोतला एक कान दिसत नव्हता. हार सरकला असेल म्हणून तो खुर्चीवर चढला आणि हार बाजूला केला. हाराखाली कान नव्हता. फोटोवाल्याने कापताना चूक केली असेल. पण फोटो लावला त्या दिवशी याच कानाला बोट लावून तो हुंदके देत होता, हे त्याला आठवत होतं. की नव्हतं? त्याने खुर्चीवरून उतरताना ठरवलं की नसेल आठवत.

स्नेहाने मात्र काही ठरवलं नाही. एका सकाळी तीर्थ घेतलं आणि ती दाराशीच ओकली. ओकारीत फक्त पाणी होतं. त्याला दोरीसारखी तार होती आणि ती तार तिच्या ओठापासून सुटत नव्हती, तिने बोटाने तोडली. तोंड पुसून ती म्हणाली की या घरात कोणीतरी जेवून राहिलं आहे आणि उष्टं आपल्याला देऊन राहिलं आहे. सासूने भिंतीकडे पाहत विचारलं, असं बोलतात काय नवऱ्याबद्दल. स्नेहाने पिशवी भरली आणि दुपारच्या गाडीने सौंसरला माहेरी गेली.

संध्याकाळी कुलदीप ओट्यावर बसून भावाला आठवायला लागला. डोळे मिटले की दादा यायचा, हे एवढ्या दिवसांत कधी चुकलं नव्हतं. आजही आला. बाजूने आला. मान जाड होती, ओठ पुढे आलेले आणि ओले होते. कुलदीपने समोरून पाहायचा खूप प्रयत्न केला. दादा वळेना.

४

दुसऱ्या दिवशी मंडीला दांडी मारून तो सौंसरला गेला. वहिनीला परत आणतो असं आईला सांगितलं होतं. खरं म्हणजे त्याला एवढंच पाहायचं होतं की तिच्या मोबाइलात दादा अजून आहे की नाही.

होता. स्नेहाने फोटो काढून समोर धरला. जेसीबीच्या पायरीवर बसलेला गुणवंता, तोंडात अर्धं संत्रं, साल बाहेर, दात दाखवल्यासारखं. दोन्ही कान. मागून ऊन पडल्यामुळे दोन्ही कान लाल. कुलदीप तिथे पोराटोरांसमोर इतका रडला की स्नेहाच्या आईने पंखा लावला.

घरी यायचं नाव काढलं तसं स्नेहा म्हणाली, "भाऊजी, तो टाक घरात आहे तोवर मी येत नाही. आत्याबाईचा जीव त्यात आहे, मले माहीत आहे. पण तो तुमचा भाऊ नव्हे. मी त्याच्याजवळ झोपली आहे, मले मानूस समजते."

मग ती म्हणाली की मागच्या गल्लीत देवीदास सर राहतात, ते नाणं तुमच्या भावाने त्यांना दाखवलं होतं, त्यांना विचारा.

देवीदास सर शाळेतून रिटायर झालेले. खोलीत बाबासाहेबांचा फोटो, पुस्तकं आणि मातीच्या खापरांचे डबे. त्यांनी एक वही काढली. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठतो, तसा छाप त्यांनी गुणवंता आला तेव्हा घेऊन ठेवला होता. कुलदीपने पाहिलं. आकड्यासारखं नाक, पुढे आलेले ओठ, मानेला तीन घड्या, एक कान. आणि वरून खालपर्यंत ती चीर, कागदावर पांढरी.

काल मिटल्या डोळ्यांपुढे दादा म्हणून हेच तोंड आलं होतं. फक्त चीर नव्हती.

सर सांगत होते की हे रोमचं नाणं, दोन हजार वर्षांचं, व्यापारात इकडे आलेलं. हा तिथला राजा.

"यानं आपलं गाव कधी पाह्यलं नसन. गरजच नव्हती त्याले. तोंड पाठवून देल्लं. बाजारातल्या बाईच्या मुठीत, शिपायाच्या कमरेले, मेलेल्याच्या तोंडात. जिथी हे तोंड पोचलं तिथी तो पोचला. मानूस मरे, दुसरा गादीवर बसे, तोही हेच करे."

"आणि हे कापलं कोणं?"

"आपल्याच इकडच्या कोणीतरी. अशी कापलेली लय सापडतात. कोणी म्हणते चांदी आतून खरी का खोटी पाहाले कापली." सरांनी चष्मा काढला. "मंग तोंडावरच काऊन मारलं, मागच्या बाजूले काऊन नाही, ते मले कोणी सांगितलं नाही. नाणं कुठी आहे?"

कुलदीपने सांगितलं. टाक, कवडू सोनार, खंडित चांदी, जोडवी.

सरांनी वही मिटली आणि तिच्यावर एक जड पुस्तक ठेवलं. शिकलेला माणूस, पण पुस्तकावरचा हात त्यांनी काढला नाही.

५

बसमधून उतरला तो घरी न जाता सरळ कवडूजींच्या दुकानात गेला. म्हाताऱ्याला विचारायचं होतं की घाव परत उघडता येतो काय.

कवडूजी बैठकीवर होते. गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसायचा माणूस, पण आज रस्त्याकडे एक कान करून बसला होता. समोर लाल मखमलीचं तबक होतं आणि त्यावर नवे टाक मांडलेले. अक्षय तृतीया दीड महिन्यावर आली होती. पितरांचा सण, त्यामुळे आजूबाजूच्या गावांहून टाक करायला माणसं येत होती. कुलदीप वाकला.

अकरा टाक होते. अकराही बाजूला पाहत होते.

त्यांची तोंडं आता ज्वारीच्या दाण्याएवढी नव्हती. तलवार बारीक झाली होती, हात पाय आखडून कोपऱ्यात गेले होते, आणि तोंडाने अर्धा पत्रा खाल्ला होता. अकरा जाड माना. प्रत्येक मानेला तीन घड्या. मखमलीवर प्रत्येकाखाली, ओठाच्या जागी, एक ओला डाग.

"कवडूजी, हे काय हो?"

"ठसा आज्याच्या हातचा," कवडूजी बाहेर पाहत म्हणाले. "तुह्या भावाचा टाक काढला तवापासून यातून सगळे असेच निघून राहिले. मी घाबरलो होतो, लोकं वापस आणतीन. कोणी आणला नाही. लोकायले आवडते. म्हणे, आमच्या बापाचं तोंड कसं भरलेलं आलं." त्यांनी ओठ चाटले. "चौदा घरी गेले. सावरगावले चार."

कुलदीपने विचारलं, लोक तीर्थ घेतात काय. कवडूजींना प्रश्न विचित्र वाटला असावा. म्हणाले, घेणार नाहीत तर काय.

त्याने ठशावर झडप घातली. म्हाताऱ्याने ठसा छातीशी आवळला, दोन्ही हातांनी, तान्ह्या लेकराला आवळावा तसा, आणि एवढं होऊनही तोंड वळवलं नाही. कुलदीपचे डोळे तेवढ्यात ठोकळ्याशी पडलेल्या छिन्नीवर गेले. त्याने ती उचलली आणि पळाला. मागून कोणी ओरडलं नाही.

६

सकाळी सात वाजता आई टाकाला आंघोळ घालत होती. आता ती बोटाने घालायची. दूध बोटावर घ्यायची आणि त्या ओठांना लावायची, आणि बोट जरा वेळ तिथेच ठेवायची. कुलदीपला दारातून आवाज आला. फार बारीक आवाज, बाळ दूध ओढताना येतो तसा. तो त्याने ऐकला की त्याला वाटला, हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्याने ताटलीतून टाक उचलला. चांदी कोमट आणि गिळगिळीत होती. अंगणात पाटा होता, त्यावर टाक आडवा केला आणि छिन्नी टेकवली.

आई मागून धावत आली. आली तीही आडवी, एक खांदा पुढे करून.

"तुह्या भावाले खंडित करशीन काय रे? एक डाव फुटला तो, पट्टीत बांधून आणला. मी आता कुठी पुरा केला त्याले. अजून एक डाव फोडतं?"

त्याचे हात थांबले. कारण त्याने खाली पाहिलं आणि टाकाला दोन कान होते. सुपासारखे. काटकुळी मान, समोर तोंड, हसत होता, कान मागे गेलेले. चार महिने ज्याच्यासाठी जीव टांगला होता ते तोंड पाट्यावर ज्वारीच्या दाण्याएवढं पडलं होतं आणि त्याच्याकडे पाहत होतं. छिन्नी बरोबर त्याच्या कपाळावर होती.

मग त्या हसण्यातून, ओठांच्या कोपऱ्यातून, दुधाची लाळ बाहेर आली आणि हनुवटीवरून ओघळली.

कुलदीपने शिवी हासडली आणि वरवंट्याने छिन्नीवर मारलं. पहिला घाव सटकला. दुसरा बसला. चांदीचा आवाज आला नाही, पिकलेलं गळू दाबल्यावर लागतं तसं हाताला लागलं, आणि वास सुटला तो असा की अंगणातली मांजर उठून गेली. तो तोंड उघडं टाकून त्या राजाच्या आईबहिणीचा उद्धार करत होता आणि मारत होता, कपाळापासून गालावरून मानेपर्यंत. चौथ्या घावाला एक कपची उडाली. माशाच्या खवल्याएवढी. ती त्याच्या जिभेवर पडली.

तो थुंकला. बोटं घालून खरवडलं, परत थुंकला, मातीत पाहिलं. लाळेत काही चमकलं नाही.

मान वर केली तर आई समोर उभी होती. रडत होती. तिचे दोन्ही डोळे रडत होते, दोन्ही गाल ओले होते, दोन्ही कानांत कुड्या होत्या. महिन्यानंतर त्याला आईचं पूर्ण तोंड दिसलं.

खंडित झालेलं घरात ठेवत नाहीत. त्याने तुकडा कागदात बांधला आणि जाम नदीवर नेला. उन्हाळ्याची नदी, पाणी कसलं, शहराच्या नाल्यांचा हिरवा चिखल. वर साय धरली होती. कागद पडला तिथे साय फाटली, एक बुडबुडा आला आणि साय परत जुळली. तो काठावर उभा राहून जीभ टाळूवर घासत होता. डाव्या दाढेच्या मागे काहीतरी टोचत होतं.

७

आठ दिवसांत घर माणसात आलं. दूध दुधासारखं लागायला लागलं. आईने दोन दिवस अन्न घेतलं नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच भाकरी थापली आणि त्याच्याकडे सरळ पाहत म्हणाली, मेल्या, जीव घेतला तू माह्या देवाचा. शिवी समोरून आली म्हणून कुलदीपला बरं वाटलं.

बैठकीतला जुना फोटो त्याने उतरवून ठेवला. सौंसरला निरोप गेला. स्नेहा आली ती मोबाइलातल्या फोटोची मोठी प्रत काढून, काचेत बसवूनच घेऊन आली. भर दुपारी कुलदीपने खिळा ठोकला आणि फोटो लावला. तोंडात अर्धं संत्रं, मागून ऊन, दोन्ही कान लाल. अंबाबाई बराच वेळ पाहत राहिली आणि मग हसली.

"सुपड्या माहा," ती म्हणाली. "कसा समोर पाहून राहिला."

कुलदीपला वाटलं, झालं. आता कवडूजींच्या ठशाचं काय करायचं, त्या चौदा घरी कसं जायचं, हे उद्या पाहू. दादा परत आला होता. त्याने डोळे मिटून पाहिलं, तिथेही दादा समोरून आला. एवढं मिळालं होतं त्याला.

स्नेहा म्हणाली, भाऊजी, फोटोजवळ उभे राहा, तुमचा दोघांचा एक काढते. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, केसांवरून हात फिरवला. समोर स्नेहाने मोबाइल धरला होता. तिच्या मागे दार, दारात ऊन, उन्हात तुळस. सगळं त्याला सरळ दिसत होतं. जीभ सवयीने दाढेमागे गेली. टोचणारं आता टोचत नव्हतं, भोवती मांस मऊ झालं होतं.

"भाऊजी, इकडे पाहा."

तो हसला.

"इकडे, माह्याकडे."

"तुमच्याकडेच तं पाहून राहिलो वहिनी."

स्नेहाचा हात हळूहळू खाली आला. आई पाटावरून उठली, त्याच्याकडे आली आणि त्याच्यासमोर थांबायचं सोडून त्याच्या बाजूने पुढे गेली, भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे पाहायला काहीच नव्हतं. तिथे जाऊन ती वळली आणि तिने त्याचं तोंड पाहिलं. मग पदर तोंडाला लावला.

कुलदीपला कळेना, ती अशी भिंतीशी का उभी आहे. त्याने लाळ गिळली. ती कोमट होती आणि तिला तार होती.